गाणं बनवायला शिकताना जे ‘बेसिक्स’ अंगावर येतात ते आले कुठून?

नवीन माणूस गाणं बनवायला बसला की सगळं एकदमच समोर येऊन पडतं. पाच रेघांवरचं नोटेशन, सा रे ग म नाहीतर डो रे मी, मेजर-मायनर, सर्कल ऑफ फिफ्थ्स, गिटारचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) दाखवणारे चार्ट, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत), रोमन आकडे, बार (ठराविक मात्रांचे तुकडे) मोजणं, आणि वरून कोणीतरी सांगतं की आधी हे सगळं करा मग गाण्याचं बघू. पण हे सगळं एकाच माणसाने एकाच विद्यार्थ्यासाठी बसून ठरवलेलं नाहीये. वेगवेगळ्या शतकात वेगवेगळ्या लोकांच्या अडचणी होत्या, त्यांनी आपापल्यापुरते शॉर्टकट काढले, आणि ते एकावर एक साचत गेले. त्यातले फार थोडे गाणं लिहिणाऱ्यासाठी होते.

सुरुवात ग्विदोपासून करावी लागते. 11व्या शतकात इटलीतल्या अरेत्झो गावात हा भिक्षू चर्चच्या गायकांना शिकवायचा आणि त्याची अडचण साधी होती, स्तोत्रं ढीगभर, सगळी ऐकून ऐकून पाठ करायची, त्यात माणसाची वर्षंच्या वर्षं जायची. त्याने रेघांवर स्वर मांडायची पद्धत पक्की केली, आणि एक लॅटिन स्तोत्र हाताशी धरलं ज्याच्या पहिल्या सहा ओळी क्रमाने एकेक स्वर वर सुरू होतात. त्या ओळींची पहिली अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. (उतचं डो व्हायला 17वं शतक उजाडलं.) जे दहा वर्षांत धड जमत नव्हतं ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत जमतं असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय, म्हणजे ‘झटपट शिका’ची जाहिरात हजार वर्षं जुनी आहे म्हणायची! पण त्याला गायक हवे होते, कागद बघून तयार गाणं बिनचूक गाणारे. नोटेशनचं मूळ काम तेच.

तरी एक गंमत आहे. त्याच ग्विदोच्या साधारण 1026 च्या आसपासच्या ग्रंथात एक छोटं प्रकरण आहे ज्यात तो चाल कशी बनवायची ते सांगतो, आणि रीत इतकी यांत्रिक आहे की आजच्या एखाद्या ॲपला शोभेल. स्वरांच्या ओळीखाली अ, ए, इ, ओ, उ हे परत परत लिहीत जायचं, मग आपल्या शब्दातल्या प्रत्येक अक्षरात जो उच्चार असेल त्याच्या वरचा स्वर घ्यायचा, झाली चाल. ती कंटाळवाणी वाटली तर खाली अजून एक ओळ वेगळ्या जागेपासून लिहायची म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन स्वरांतून निवड करता येते. मला हे प्रकरण त्याच्या रेघांपेक्षाही आवडतं कारण इथे कोऱ्या कागदाला घाबरलेल्या माणसाचा विचार केलेला दिसतो. रेघा जगभर गेल्या आणि हे मात्र अभ्यासकांपुरतं उरलं.

नोटेशनचं दुसरं काम म्हणजे आहे ते जपणं. भातखंडेंनी घराण्यांमधल्या बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकमालिकेत स्वरलिपीत छापल्या, तो खटाटोपही ज्या चीजा तोंडी होत्या त्या टिकाव्यात आणि शिकवता याव्यात यासाठी होता. नवीन चाल सुचावी म्हणून कोणी स्वरलिपी काढली नाही.

मग गाणी लिहिणारे काय करत होते? बहुतेक वेळा आधीच्या चालीवर नवे शब्द बसवत होते. 16व्या-17व्या शतकात इंग्लंडमध्ये एका बाजूने छापलेले स्वस्त कागद विकले जायचे, त्यावर नुसते शब्द आणि सोबत ‘अमुक चालीवर’ अशी सूचना, स्वर बहुतेक छापलेलेच नसायचे कारण चाल सगळ्यांना येत होती. लिहिणाऱ्याला फक्त वजन सांभाळायचं, कुठल्या अक्षरावर जोर येतो, ओळ कुठे संपते, यमक कुठे पडतं. 20व्या शतकात अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीने हेच केलं, कार्टर फॅमिली या लोकसंगीत गाणाऱ्या ग्रुपच्या चाली उचलून त्यावर स्वतःचे शब्द. आज नवीन लोकांना ही चोरी वाटते आणि ते पहिल्याच दिवशी शब्द, चाल, कॉर्ड सगळं ओरिजिनल करायला जातात आणि अडकतात. सरावासाठी दुसऱ्याची चाल घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ते गाणं बाहेर काढताना कॉपीराइट बघायचा.

कॉर्डचं प्रकरण जास्त रंगतदार आहे. थिअरीच्या पुस्तकात कॉर्ड म्हटलं की 1722 चा फ्रान्सचा रामो येतो, ज्याने कॉर्डला मूळ स्वर असतो आणि तेच स्वर खालीवर केले तरी कॉर्ड तोच राहतो हे नीट मांडलं. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, 1596 मध्ये, आमात नावाच्या कॅटलान डॉक्टरने (औषध देणारा डॉक्टर) पाच जोड-तारांच्या गिटारसाठी एक छोटं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक कॉर्डला आकडा, बारा मेजर बारा मायनर, बोटं कुठे ठेवायची ते दिलेलं, आणि एक गोल तक्ता ज्यावरून गाणं कुठल्याही पट्टीत सरकवता येतं. 1606 मध्ये इटलीत माँतेसार्दोने अशीच अक्षरांची पद्धत छापली. म्हणजे हौशी लोक कॉर्ड वाजवत होते, थिअरी मागून आली. आमातचं पुस्तक पुढे दीडशेहून जास्त वर्षं परत परत छापलं गेलं यातच काय ते आलं.

पट्टी सरकवता येते यामागे बारा सारख्या पायऱ्यांचं गणित आहे. प्रत्येक पायरीला कंपनसंख्या साधारण 1.0595 पट, बारा पायऱ्या चढलं की बरोबर दुप्पट. चीनमध्ये झू झाइयूने 1584 च्या सुमारास हा हिशेब लांबलचक आकडेमोड करून काढला होता. यात शुद्ध स्वर थोडे बिघडतात, मेजर तिसरा स्वर तर चांगलाच चढा होतो, पण त्या बदल्यात कुठलंही गाणं कुठूनही सुरू करता येतं. गिटारला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून निवांत वाजवणारा माणूस याच तडजोडीवर जगतोय.

सर्कल ऑफ फिफ्थ्स, म्हणजे पाचव्या स्वरावर उड्या मारत बारा पट्ट्या गोलात मांडणारा तक्ता, 1670 च्या दशकात डिलेत्स्की या संगीतकाराच्या पुस्तकात दिसतं, ते चर्चसाठी अनेक आवाजांचं संगीत रचणाऱ्यांसाठी होतं. कॉर्डला I, IV, V असे रोमन आकडे द्यायची पद्धत 19व्या शतकाच्या सुरुवातीला गॉटफ्रिड वेबरने रुळवली, ती दुसऱ्याचं संगीत सोडवून बघायला. दोन्ही कामाचे आहेत पण पहिल्या आठवड्यात भिंतीवर चिकटवायची गरज नाही असं माझं मत.

गाणं लिहिणं हा धंदा म्हणून शिकवायला सुरुवात झाली ती न्यूयॉर्कच्या टिन पॅन ॲलीच्या, म्हणजे गाणी छापणाऱ्या प्रकाशकांच्या वस्तीच्या, काळात. तेव्हा पैसा रेकॉर्डमध्ये नाही तर छापील कागदात होता, लोक घरी पियानोवर वाजवायला गाणं विकत घ्यायचे. 1890 च्या दशकात चार्ल्स हॅरिसच्या एका गाण्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि या हॅरिसला नोटेशन वाचता-लिहिता येत नव्हतं. तो गुणगुणायचा, दुसरा कोणी उतरवून घ्यायचा. त्यानेच 1906 मध्ये लोकप्रिय गाणं कसं लिहावं याचं पुस्तकही काढलं! त्याच धंद्यातल्या अर्व्हिंग बर्लिनचं तसंच, तो मुख्यतः पियानोच्या काळ्या बटणांवर वाजवायचा, दुसरी पट्टी हवी असेल तर त्याच्याकडे खास पियानो होता ज्याचा लिव्हर सरकवला की सगळं वरखाली व्हायचं. 32 बारचा आ-आ-ब-आ साचा याच मंडळींनी घट्ट केला, आठ बार, तेच परत, मग आठ वेगळे, मग पहिल्याकडे. साचा ठरलेला असला की रोज गाणं पाडता येतं.

कॉर्डच्या छोट्या चौकटी, तारांवर टिंबं असलेल्या, या 1920 च्या दशकात त्याच छापील कागदांवर आल्या कारण उकुलेलेची (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) लाट होती आणि उकुलेलेवाल्यांना नोटेशन वाचायचं नव्हतं. प्रकाशकांना कागद खपवायचा होता, बस.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो नॅशव्हिलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या शहरातला, प्रकार. 1950 च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या ग्रुपचा नील मॅथ्यूज कॉर्डच्या नावाऐवजी नुसते आकडे लिहू लागला, 1, 4, 5, 6 असे, म्हणजे सा पासून मोजून कितव्या स्वरावरचा कॉर्ड. त्यांना एका दिवसात बरीच रेकॉर्डिंग करावी लागायची, आणि ऐन वेळी गायक म्हणायचा पट्टी खाली घ्या, मग सगळ्यांचे कागद परत कोण लिहिणार? आकडे असले की कागद तोच, फक्त 1 कुठला ते बदलायचं. सा कुठेही धरता येतो हे ज्याला माहीत आहे त्याला हे पाच मिनिटांत कळतं. पॉप गाण्यातली 1-5-6-4 वगैरे भाषा तीच.

त्याच दशकात ब्रिटनमध्ये स्किफल नावाच्या हौशी संगीताची लाट आली होती, दोन-तीन कॉर्ड आणि घरगुती वाद्यं. 1957 ला बर्ट वीडनचं एका दिवसात गिटार शिकवणारं पुस्तक आलं, ते बीटल्सचे लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, शिवाय गिटारवाला क्लॅप्टन सगळ्यांनी चाळलेलं. अर्थात एका दिवसात कोणी शिकलं नाही. जानेवारी 1977 मध्ये एका पंक फॅनझीनने (चाहत्यांनी काढलेलं घरगुती मासिक) तर तीन कॉर्डच्या चौकटी काढून खाली लिहिलं की आता बँड काढा.

आणि मग यंत्रं. 1979 ला टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ आला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा एक अख्खा अल्बम घरी त्याच्यावर झाला. 1983 ला मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत), 2004 ला गॅरेजबँड (ॲपलचं घरी गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर). इथे क्रमच उलटा झाला, आधी लूप (परत परत वाजणारा तयार तुकडा) टाकायचा, त्यावर गुणगुणायचं, आणि मग शोधायचं की आपण वाजवतोय त्या कॉर्डचं नाव काय. इंटरनेटवर 1992 पासून लोक कानाने काढलेले टॅब एकमेकांना द्यायला लागले होते, त्यात चुका भरपूर पण कुठे चूक आहे ते शोधतानाच कित्येकांचा कान तयार झाला. 2006 मध्ये प्रकाशकांच्या वकिलांनी त्यातला सगळ्यात जुना साठा बंद पाडला, कारण टॅब म्हणजेही छापील गाण्याचीच कॉपी असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर लायसन्स घेऊन चालणाऱ्या साइट्स आल्या, आणि तिथे एका बटणावर कॉर्डची पट्टी बदलून मिळते.