पार्श्वभूमी: पाककृतीतला हंगामाचा रकाना

घरी केलेल्या पदार्थाच्या छायाचित्राखाली ‘हंगामी’ असा हॅशटॅग लावण्याची रीत आता इतकी रुळली आहे की त्या शब्दातून नेमके काय सांगायचे आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. एके काळी हा तपशील पाककृतीच्या साच्यातच असे. लंडनमध्ये १८६१ साली पुस्तकरूपाने निघालेल्या गृहव्यवस्थापनावरच्या एका जाडजूड ग्रंथात पाककृतीच्या शेवटी लागणारा वेळ, सरासरी खर्च आणि तो पदार्थ किती जणांना पुरेल या नोंदी देण्याचा प्रघात होता. त्यांच्याच जोडीला तो कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत करावा, अशीही नोंद असे. वाचक एकाच हवामानात राहणारे असल्यामुळे महिन्याचे नाव लिहिले की काम भागत असे.

डबाबंद अन्न, शीतजहाजे आणि १९२० च्या दशकात आलेली अतिजलद गोठवण्याची पद्धत यांनी पुढे ही नोंद अनावश्यक ठरवली. १९७० च्या दशकापासून काही उपाहारगृहांनी हंगामाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत १०० मैलांच्या परिघातलेच अन्न खाण्याचा संकल्प करणाऱ्यांसाठी एक नवा इंग्रजी शब्द घडवला गेला आणि दोनच वर्षांनी एका प्रतिष्ठित कोशसंस्थेने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. घरच्या स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र त्याच सुमारास संगणकाच्या पडद्यावर जे घडत होते, ते अधिक महत्त्वाचे होते.

संगणकांच्या जाळ्यावर पाककृतींची देवाणघेवाण १९८० च्या दशकातच सुरू झाली होती. त्या काळच्या एका संपादित चर्चागटाने ठरवून दिलेल्या साच्यात साहित्य आणि कृती यांच्यानंतर तीन गोष्टींची नोंद करावी लागे: काठिण्य, वेळ आणि मोजमापात किती काटेकोर राहावे लागते ही बाब. हंगामाचा उल्लेख नव्हता, आणि त्यात नवल नाही. ती पाककृती कोणत्या खंडात वाचली जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्यानंतर घरगुती संगणकांसाठी जे प्रोग्रॅम आले, त्यांत ‘वर्ग’ आणि ‘किती जणांसाठी’ हे रकाने होते, ऋतूचा नव्हता.

ही उणीव ब्लॉगने भरून काढली, आणि तीही योगायोगाने. ब्लॉगवरची नवी नोंद सर्वांत वर येत असे आणि तिच्यावर तारीख असे. छापील मासिकांना अंक काही महिने आधी तयार करावा लागत असल्याने उन्हाळ्याचे पदार्थ थंडीत, कुठून तरी मिळवलेल्या साहित्यातून शिजवून त्यांची छायाचित्रे काढावी लागत. ब्लॉग लिहिणारी व्यक्ती मात्र सकाळी बाजारात जे दिसले ते दुपारी शिजवून संध्याकाळी लिहीत असे. लिहिणाऱ्याचे गाव आणि नोंदीची तारीख माहीत असली की हंगाम वेगळा सांगण्याची गरज उरत नसे. २००० ते २०१० या दशकातल्या जुन्या ब्लॉगचे संग्रह आज चाळले, तर कोणत्या भागात कोणत्या आठवड्यात काय पिकले होते याची ती एक नकळत राहिलेली वहीच वाटते.

पाककृतीत हंगामाला रकाना द्यायचा की नाही, याचा खरा निर्णय २०११ सालचा आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका बलाढ्य सर्च इंजिनने पाककृतींसाठी स्वतंत्र शोध सुरू केला आणि साहित्य, वेळ व उष्मांक यांनुसार निकाल गाळून पाहण्याची सोय दिली. जूनमध्ये तीन मोठ्या सर्च कंपन्यांनी संकेतस्थळांवरची माहिती कोणत्या नावाच्या रकान्यात नोंदवावी, हे ठरवणारी आणि यंत्राला वाचता येईल अशी सामायिक शब्दावली जाहीर केली. तिच्यात पूर्वतयारीचा वेळ, शिजवण्याचा वेळ, पोषणमूल्ये, पदार्थाचा प्रकार, पाकशैली असे रकाने होते. पुढे आहाराच्या पथ्यांचाही रकाना आला. ऋतूचा आजतागायत आलेला नाही. पाककृती कशी नोंदवावी याच्या मार्गदर्शनात ऋतूचे नाव ‘इतर शब्द’ या सदरात, सणासमारंभांच्या शेजारी टाकावे, असे सुचवलेले आहे.

या निर्णयाच्या समर्थनार्थ असे म्हणता येते की हंगाम स्थळानुसार बदलतो आणि स्थळाशिवाय नोंदवलेला ‘उन्हाळा’ निम्म्या जगासाठी चुकीचा ठरतो. हे बरोबर आहे. परंतु शिजण्याचा वेळ चूल, भांडे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांनुसार बदलतो आणि उष्मांक वाढप्याच्या हातावर ठरतात, तरीही त्यांना रकाने मिळालेच. अनिश्चितता ही अडचण असती, तर ती सर्वांना सारखीच लागू व्हायला हवी होती. घाईत असलेला आणि वजनाची चिंता करणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो साचा आखला गेला, असे मानण्यास जागा आहे.

अर्थात रकाना दिला असता तरी त्यात काय भरायचे, हा गुंता होताच. ब्रिटनमधील एका सरकारी खात्याने करून घेतलेल्या अभ्यासात ‘हंगामी’च्या दोन व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. पहिलीनुसार, जेथे पीक घेतले तेथल्या नैसर्गिक काळात ते उघड्यावर वाढले असेल तर ते हंगामी होय, मग ते कोठेही खाल्ले जावो. म्हणजे दुसऱ्या गोलार्धातून जहाजाने आलेले फळही हंगामीच ठरते. दुसरीनुसार ते त्याच हवामान पट्ट्यात खाल्ले गेले पाहिजे आणि कृत्रिम उष्णता किंवा साठवण यांवर फारशी ऊर्जा खर्च झालेली नसावी. या दोहोंत केवढे अंतर आहे, ते सफरचंदावरून दिसते: हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन १ ते ३ टक्क्यांवर आणलेल्या थंड कोठ्यांत काही जाती कित्येक महिने टिकतात. असे फळ पहिल्या व्याख्येत निर्धास्त बसते, दुसरीत अडखळते. उलट, शेजारच्याच गावातल्या तापवलेल्या हरितगृहात हिवाळ्यात वाढवलेला टोमॅटो ‘स्थानिक’ असतो, पण हंगामी कोणत्याच व्याख्येने नसतो, आणि उष्ण प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा त्याच्यावर अधिक इंधन जळालेले असू शकते. मराठीत ‘हंगामी’चा आणखी एक अर्थ तात्पुरता, दुसऱ्याच्या जागी काही काळ बसलेला, असाही आहे, हॅशटॅगमध्ये बहुधा तोच अधिक शोभतो.

२०१६ मध्ये छायाचित्रांच्या एका मोठ्या मंचाने कालक्रम सोडून आवडीनिवडीच्या अंदाजाने नोंदी दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा तारखेचा आधारही सुटला. अनेक ब्लॉगलेखकांनी मजकूर शिळा वाटू नये म्हणून जुन्या नोंदींवरची तारीखच काढून टाकली. शोधात वर यायचे असेल तर हंगामाच्या काही आठवडे आधीच पाककृती टाकावी, हा सल्ला आता सर्वमान्य आहे, कारण नव्या पानाला निकालांत जागा मिळायला वेळ लागतो. त्यामुळे घरचा स्वयंपाक मांडणारी व्यक्ती बाजारात त्या भाजीचा पत्ता नसताना शीतगृहातली जुडी विकत आणते, छापील मासिकवाल्यांप्रमाणेच ती वेळेआधी शिजवते आणि छायाचित्राखाली लिहिते: हंगामी.