काळ्या मातीवरचा फुटपाथ

सांगलीत फुटपाथ बांधलेला असला तरी माणसं बऱ्याचदा त्याच्या कडेच्या डांबरावरूनच चालतात. पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की एक कोपरा दबतो, दुसरा उचलतो आणि पावसाळ्यात खालचं गढूळ पाणी थेट कपड्यांवर उडतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथे पडायची धास्ती वाटते. त्या रस्त्यावर उतरतात त्यात त्यांची काहीच चूक नाही. चूक ब्लॉकच्या खाली आहे.

कृष्णाकाठची माती काळी आणि चिकण. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पातळ पापुद्र्यांचं. पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी निघून गेलं की आकसते. मे महिन्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. फुटपाथखालीही हेच चालू असतं, पण सगळीकडे सारखं नाही. नळाची जोडणी गळते तिथली माती बारा महिने फुगलेली, दहा फुटांवरची कोरडी ठणठणीत. या फरकामुळेच ब्लॉक उंचसखल होतात.

उपाय खर्चिक नाही, पण त्याला चिकाटी लागते. रस्त्याच्या पातळीपासून सुमारे ३५ सें.मी. काळी माती काढून टाकायची. तळाला पाणी मारून तो ओलसर करायचा आणि दाबून घ्यायचा. कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर काम उरकलं तर पहिल्या मोठ्या पावसात ती फुगून सगळं वर उचलते. त्यावर न फुगणारा मुरूम १५ सें.मी.च्या दोन थरांत टाकायचा आणि प्रत्येक थर वेगळा ठोकायचा. दोन्ही थर एकदम टाकून वरून मशीन फिरवलं तर खालचा भुसभुशीतच राहतो. मग १० सें.मी. खडीचा थर, ३ सें.मी. वाळू आणि ६० मि.मी. जाडीचे ब्लॉक. गाडी आत-बाहेर करणाऱ्या फाटकासमोर ८० मि.मी.चे.

सगळ्यात जास्त घोटाळा वाळूत होतो. मुरूम उंचसखल राहिला की मिस्त्री ती उणीव वाळूने भरून काढतात. मग एका ठिकाणी वाळू ३ सें.मी. आणि शेजारी ८. जाड थर नंतर बसतो आणि तिथे खळगा पडतो. दुसरी चूक कडेच्या दगडाची. ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात म्हणून स्थिर राहतात. कडेला पक्का दगड नसेल तर रांगा सुटतात आणि सांध्यातली वाळू वाहून जाते. पाण्यासाठी रस्त्याकडे दोन टक्के उतार पुरतो, म्हणजे १.८ मीटर रुंदीत ३.६ सें.मी.

ही १.८ मीटर म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांतली चालण्याची किमान मोकळी रुंदी. खांब, विजेची डीपी, झाड, पाटी हे सगळं तिच्या बाहेर हवं. कडेची उंची १५ सें.मी.पेक्षा जास्त नको. गटारावर स्लॅब टाकून फुटपाथ फूट-दीड फूट उंच केला की दर फाटकापाशी चढा-उतरा आणि माणूस पुन्हा डांबरावर.

झाडांनाही याच मातीशी जुळवून घ्यावं लागतं. काळ्या मातीतून पाणी फार हळू मुरतं, त्यामुळे आळ्यात ते तुंबतं. कडुलिंबाला तुंबलेलं पाणी सोसत नाही. करंज आणि ताम्हण मूळचे ओढ्या-नदीकाठचे, ते तग धरतात. खोडाभोवती दीड मीटर लांबी-रुंदीचं आळं मोकळं ठेवावं, फुटपाथपेक्षा दोन बोटं खोलगट. सिमेंट खोडाला भिडवलं तर मुळांना हवा मिळत नाही. ती मग ब्लॉकखालच्या वाळूच्या थरात शिरतात आणि जाड होत ब्लॉक उचलतात.

आता चौक. वळणाची त्रिज्या चौपट केली की गाडी तेवढ्याच सहजतेने दुप्पट वेगाने वळते, हे साधं गणित आहे. म्हणून रुंद, गोलाकार कोपरा पायी चालणाऱ्याला घातक. फुटपाथचा कोपरा रस्त्यात किती पुढे आणता येईल हे चौकच सांगतो: पावसाळा सरल्यावर जिथे धूळ आणि पाचोळा साचून राहतो, तिथे चाकं जातच नाहीत. आधी तेवढी जागा वाळूच्या पोत्यांनी अडवून दोन आठवडे बघावी. गळीत हंगामात मात्र दोन ट्रॉल्यांचा ऊस घेऊन ट्रॅक्टर वळतात. त्या मार्गांवर कोपऱ्याला ५ सें.मी. उंचीची दगडी फरसबंदी करावी. ट्रॉलीचं चाक त्यावरून जातं, दुचाकीवाला मात्र वेग कमी करतो.

वेगाचा हिशेब असा. अचानक मूल आडवं आलं आणि चालकाला सावध व्हायला एक सेकंद लागला, तर ताशी ३० कि.मी.ची गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरवर थांबते. ताशी ५०ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही.

सांगली-मिरज हा पट्टा जवळपास सपाट आहे, सायकलसाठी याहून चांगली जमीन नाही. १८ मीटर रुंद रस्त्यात दोन्ही बाजूंना १.८ मीटर फुटपाथ, १.२ मीटर झाडांची पट्टी आणि २ मीटर सायकलची वाट, मध्ये ३-३ मीटरच्या दोन मार्गिका आणि एका बाजूला २ मीटर पार्किंग असं सगळं बसतं. सायकलच्या वाटेतल्या गटाराच्या जाळ्या तेवढ्या बघून घ्याव्यात. गज रस्त्याला समांतर असतील तर टायर फटीत अडकतो आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी काढून काटकोनात फिरवून बसवली की काम झालं. चौकोनी जाळीला नवीन सामानही लागत नाही.