पार्श्वभूमी : ‘दुसरं कुणीतरी बोलतंय’ — डीआयडी, नैराश्य आणि नागपूर

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, यात एकाच माणसात दोन किंवा अधिक वेगळ्या ओळखी आलटूनपालटून ताबा घेतात आणि मधला काळ आठवत नाही. हा आजार नागपूरला नवा नाही. १९७४ मध्ये इथली एक मराठी महिला अधूनमधून आपली ओळख हरवून दीडशे वर्षांपूर्वीची बंगाली स्त्री होऊ लागली. त्या अवस्थेत ती बंगाली बोलायची, मराठी तिला कळेनासं व्हायचं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी १९७९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त ही केस मांडली, ती ‘दुय्यम व्यक्तिमत्त्व’ म्हणून. नंतर स्टीव्हन्सन तिच्याकडे पुनर्जन्माच्या अंगाने पाहत राहिले. टीकाकारांनी बोट ठेवलं ते तिला आधीपासून थोडंफार बंगाली ठाऊक होतं, यावर. शिवाय बंगाल-नागपूर रेल्वेच्या या शहरात बंगाली कानावर पडणं मुळीच अवघड नव्हतं. भाषा आली कुठून, यावर वाद रंगला. त्या बाईला त्रास काय होता आणि तो कमी कसा करायचा, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. या आजाराच्या बाबतीत असं वारंवार झालंय. चमत्काराला प्रेक्षक मिळतात, पेशंटला नाही.

युरोपातही सुरुवात तमाशानेच झाली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को भर सभेत हिस्टेरियाच्या पेशंट दाखवत. कुणाचा हात लुळा, कुणाला झटके, कुणाची कातडी बधिर. मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी मात्र पेशंटचं म्हणणं ऐकलं. १८८९ च्या ग्रंथात त्यांनी लिहिलं की न पेलणारा अनुभव मनाच्या मुख्य प्रवाहापासून तुटतो आणि आपल्या परीने जगत राहतो, कधी वेगळी ओळख घेऊन, तर कधी शरीराच्या तक्रारीतून. आजची तीन टप्प्यांची थेरपी मूळची त्यांच्याकडूनच आलेली. पुढे फ्रॉइडच्या प्रभावात जाने जवळजवळ विसरले गेले.

डीआयडीचं जुनं नाव ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’. त्याला १९८० मध्ये डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या सूचीत, स्वतंत्र जागा मिळाली, १९९४ मध्ये नाव बदलून डीआयडी झालं. मधल्या काळात अमेरिकेत संमोहनाने आठवणी उकरण्याचा सपाटा लागला. त्यातल्या काही आठवणी थेरपिस्टनेच पेरल्याचे आरोप झाले, प्रकरणं कोर्टात गेली. तेव्हापासून जाणते थेरपिस्ट आठवणींच्या मागे धावत नाहीत.

आपल्याकडे १९८९ मध्ये अदित्यंजी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या तीन केसेस मांडल्या. असे पेशंट इथे क्वचित दिसतात, ‘अंगात येणं’ मात्र सर्रास, हे त्यांनी नोंदवलं. २०१३ च्या डीएसएम-५ ने डीआयडीच्या निकषातच झपाटल्याचा अनुभव घातला. अर्थात आरतीच्या वेळी घुमणारी प्रत्येक बाई आजारी नसते. श्रद्धेच्या चौकटीत, ठरल्या वेळी येऊन जाणारा संचार आणि नको असताना येऊन संसार-नोकरी मोडणारी अवस्था यांत फरक करावाच लागतो.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. ‘पागलखाना’ हा शब्द इथल्या चौकाच्या नावातच बसलाय, त्यामुळे माणसं तिकडे उशिरा वळतात. आधी डोकेदुखी, अंगाची आग, दातखीळ, ‘फिट’ यांसाठी मेडिसिन, मग न्यूरो. ईईजी, एमआरआय नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, ‘नाटकं करते.’ दुसरी वाट मांत्रिकाची. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, तोही नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात.

मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचल्यावरही बहुधा आधी सापडतं ते नैराश्य. गोळ्यांनी ते थोडं हलतं, पण मधले तास कुठे गेले, कपाटात न घेतलेली साडी कुठून आली, हे कुणी विचारलं नाही तर मूळ आजार तसाच राहतो. डीआयडीवर स्वतंत्र औषध नाही. गोळ्या नैराश्य, चिंता, झोप यांच्यासाठी. मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

पहिला टप्पा सुरक्षिततेचा : झोप, जेवण, स्वतःला इजा करणं थांबवणं, भान सुटू लागलं की पाय जमिनीला टेकवून, आजची तारीख मोठ्याने म्हणून परत येणं. शरीराच्या तक्रारींचीही दखल इथेच घेतली जाते. झटके खऱ्या अपस्माराचे, म्हणजे मेंदूतल्या फिटचे, नाहीत ना, हे तपासलं जातं (दोन्ही प्रकारचे झटके एकत्रही असू शकतात). मग झटका कशानंतर आला, त्या वेळी ‘कोण’ होतं, हे हळूहळू जोडलं जातं. मांत्रिक आणि थेरपिस्ट यांच्यातला फरक इथे दिसतो. मांत्रिक त्या दुसरीला हाकलतो. थेरपिस्ट कुणालाच हाकलत नाही, कुणाला लाडावूनही ठेवत नाही; ती कशापासून वाचवायला आली, हे विचारतो. आघाताच्या आठवणी दुसऱ्या टप्प्यात, त्याही पेशंटला झेपतील तेवढ्याच. सगळ्या ओळखी एकजीव होणं हे तिसऱ्याचं ध्येय, पण अनेकांच्या बाबतीत त्यांनी आपसात समजुतीने राहणं, वेळ न हरवणं, हेही पुरतं.

२०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत डीआयडी आणि झपाटल्याची तंद्री असे दोन वेगळे आजार आहेत. नागपूरच्या ओपीडीत त्यांची सरहद्द इतकी ठळक क्वचितच दिसेल.