लो बोनेट की हाय बोनेट? मामाची ‘विलीस’ उघडल्यावर कळलेलं

आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात जुनी पेट्रोल जीप दिसली की ती विलीसच. मालक म्हणतो विलीस, मेकॅनिक म्हणतो विलीस, भंगारवाला तेवढा भाव पाडताना महिंद्रा म्हणतो. मामाच्या जीपचं पण तसंच, लहानपणापासून आम्ही तिला मिलिटरीची विलीस म्हणत आलो, बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे म्हटल्यावर सगळ्या जुन्या जीपा तिथूनच बाहेर पडल्या असणार असं इथं प्रत्येकाला वाटतंच. ती गाडी शेतात आंब्याखाली चौदा पावसाळे उभी होती, आणि खानापूरचा पाऊस म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्याला गंजाचं वेगळं सांगायला नको. मामाच्या साठीला ती चालू करून द्यायची असं आम्ही भाच्यांनी ठरवलं आणि पहिलीच ऑर्डर चुकवली.

फोनवर सांगितलं, विलीसची पुढची जाळी आणि काचेची फ्रेम पाठवा. आली. जाळी लावून बघितली तर रेडिएटर वरून चार बोटं डोकं काढून आमच्याकडं बघत होता. पार्टवाल्यानं बरोबर पाठवलं होतं, विलीसचंच होतं ते, फक्त लो बोनेटचं. आमची गाडी हाय बोनेट.

तर हा फरक आधी नीट समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील.

लो बोनेट म्हणजे मूळ दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी, १९४१ ते १९४५, अमेरिकेत टोलेडोला बनलेली. तीच गाडी फोर्डनं पण बनवली, तिला जीपीडब्ल्यू म्हणतात. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी सिव्हिलियन मॉडेल आली, सीजे-२ए आणि मग १९४९ला सीजे-३ए, ती पण लो बोनेटच. म्हणजे लो बोनेट दिसली की लगेच युद्धातली समजायचं नाही. हाय बोनेट म्हणजे सीजे-३बी, १९५३ साली आली. आपल्याकडं महिंद्रानं विलीसच्या लायसनवर ती वर्षानुवर्षं काढली आणि आपल्या रानात, साखर कारखान्यात, फॉरेस्टात जी जीप फिरली ती बहुतेक हीच. गोंधळाचं मूळ पण इथंच आहे, अमेरिकेतल्या सीजे-३बीच्या बोनेटच्या बाजूला ‘विलीस’ असं उठावात लिहिलेलं असायचं, म्हणजे हाय बोनेटला विलीस म्हणणारा अगदीच खोटं बोलत नाही. पण पार्ट मागवताना ते नाव काही उपयोगाचं नाही.

बोनेट उंच का झालं? इंजिनामुळं. दोन्हीकडं २.२ लिटरचं चार सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल, तेच. पण एमबीमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, वर हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, ताकद ६० हॉर्सपॉवर. सीजे-३बीमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला, त्यामुळं ताकद सत्तरच्या पुढं गेली आणि इंजिन उंच झालं, मग बोनेट उचलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीनं हेड काढलं आणि दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अर्धं वर, अर्धं खाली, असलं कुणी केलंय हे?" आयुष्य डिझेल इंजिनात गेलेला माणूस, त्याला हे नवीन होतं. म्हणजे बोनेट उघडलं की ओळख सोपी आहे, इंजिनावर रॉकर कव्हर दिसलं तर हाय बोनेटवालं, सपाट हेडवर स्पार्क प्लग उभे दिसले तर लो बोनेटवालं. अर्थात इंजिन मूळचं असेल तर, कारण पेट्रोल परवडत नाही म्हणून निम्म्या जीपांत लोकांनी डिझेल बसवलंय.

बाहेरून बघायचं तर पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. एमबीला नऊ, सिव्हिलियन सीजेला सात. एमबीचे हेडलाईट छोटे आणि जाळीच्या आत बसलेले, बिजागरीवर उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडायचा, रात्री दुरुस्तीसाठी, हे मला फार आवडतं. मागं फाळका उघडत असेल तर ती सीजे, एमबीला मागं उघडायला काही नाही आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर. युद्धातली लेफ्ट हँड, महिंद्राची बहुतेक राईट हँड. व्हीलबेस मात्र दोन्हीचा ८० इंच, त्यामुळं लांबून, चिखलानं भरलेली असली की खरंच फसायला होतं.

आता गंज. इथं लो आणि हाय बोनेटमध्ये फरक कमी आहे, कारण सीजे-३बीचं अंग म्हणजे सीजे-३एचंच, फक्त पुढचा डॅशचा पत्रा, बोनेट, जाळी आणि काच बदललेली. फ्लोअर, मागचे फेंडर, सीटखालचे खण सारखेच कुजतात. सगळ्यात वाईट जागा ड्रायव्हरच्या सीटखाली, पेट्रोलची टाकी जिथं बसते. आमच्या गाडीत तिथं आंब्याची पानं कुजून काळी माती झाली होती, खरवडून काढली तर त्यात एक कोय रुजलेली. मामानं बोट घातलं आणि बोट खालून बाहेर आलं.

वरवरचा लाल गंज बघून घाबरू नका, तो वायर ब्रशनं जातो. घाबरायचं ते गुळगुळीत रंगाला. लोहचुंबक घेऊन अख्ख्या गाडीवरून फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं आत पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. आमच्या डाव्या फेंडरवर तळहाताएवढ्या जागेत चुंबक लागेना, रंग उडवला तर आत अर्धा इंच लांबी आणि तिच्यामागं चक्क गोणपाटाचा तुकडा, कुठल्या तरी जुन्या टिंकरनं भोकात कोंबून वरून फासलेला. ते बघून मामी म्हणाली, "चपाती लाटल्यागत लाटलंय की." दुसरी टेस्ट चासीसाठी, जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या आडव्या मेंबरला आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी टोचत जायचं. ठण वाजलं तर ठीक, मऊ लागलं तर रंगकामाचा विचार सोडून आधी वेल्डर गाठा. एमबीत एक जादा दुखणं असतं, फ्लोअरखालच्या चॅनेलमध्ये कंपनीनंच लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या, त्या पाणी धरून ठेवतात आणि चॅनेल आतून खातात, वरून काही कळत नाही.

पत्रा कापून नवीन लावायचं काम आपल्याकडं होतं, त्याची काळजी नाही. बेळगाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव आहे, बुश नाही मिळाला तर टर्न करून देतात, ब्लॉक बोअर करून देतात. पण गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो तो ऐकू नका. लो बोनेटला भाव जास्त आहे, तर हे वरचं कापून लो बोनेट करून टाकू. बाजारात ‘१९४२ची विलीस’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी गाड्या अशाच महिंद्राच्या चासीवर नवीन पत्रा ठोकून केलेल्या असतात, हरियाणातल्या डबवालीत तर असल्या जीपा बनवायचा धंदाच आहे. दिसतात झकास. पण जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल केलेली गाडी रजिस्टर होणार नाही.

आणि २०२१पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आलाय. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, मग विंटेज म्हणून नोंद होते; नव्यानं नोंदणी असेल तर ‘व्हीए’वाला नंबर मिळतो, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००. मामाच्या आरसीवर १९६८ आहे आणि इंजिन मूळचंच, जाम झालेलं का असेना, म्हणजे हाय बोनेट हाय ठेवली तर बसते नियमात. कापली असती तर ना धड विलीस, ना धड विंटेज. अर्थात विंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनाला वगैरे काढायची, आणि मामाला तर ती घेऊन रविवारी खानापूरच्या बाजाराला जायचंय. त्यामुळं साधा फिटनेस करून जुनीच नोंदणी पुढं न्यावी असं माझं मत आहे, धाकटा भाऊ विंटेजसाठी हटून बसलाय.

सध्या गाडी रेड ऑक्साईड प्रायमरमध्ये उभी आहे आणि भांडण रंगावर आलंय. मामाला मिलिटरीचा हिरवा पाहिजे. मी त्याला मोटार वाहन नियमांतला १२१ नंबरचा नियम मोबाईलवर दाखवला, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, बाकी कुणी लावायचा नाही. शिवाय बॅटरीच्या ट्रेखाली खरवडलं तेव्हा मूळ रंग सापडला, मळकट निळा-राखाडी. मामानं ती जागा अंगठ्यानं घासून बघितली, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग ही मिलिटरीत होती कधी?"

नव्हती. मामानं निळ्याला अजून होय म्हटलेलं नाही.