चिमणीला चालते, खारीला झोंबते: फीडरवरचे नको असलेले पाहुणे

मार्चअखेर नागपुरात खिडक्यांना कुलर लागतात, त्याच सुमारास अनेक अंगणांत आणि गच्च्यांवर पाण्याचे मातीचे भांडे आणि त्याच्या शेजारी दाण्यांचा फीडरही लागतो. तो टांगलेला असतो चिमण्यांसाठी. पण थोड्याच दिवसांत तिथे दिवसभर खारी व कबुतरे आणि रात्री उंदीर-घुशी येऊ लागतात. या सगळ्यांना एकाच युक्तीने रोखता येत नाही, कारण प्रत्येकाचे वजन वेगळे, आकार वेगळा, जिभेची जाण वेगळी आणि जागे राहण्याची वेळही वेगळी आहे. उपाय या फरकांमध्येच शोधावा लागतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘खार-रोधक’ फीडरचेच उदाहरण घ्या. खार दांडीवर बसली की तिच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि दाण्यांची खिडकी मिटते, अशी त्याची रचना असते. ही रचना अमेरिकेतल्या करड्या खारीसाठी केलेली आहे आणि त्या खारीचे वजन साधारण 400 ते 600 ग्रॅम भरते. आपल्या अंगणातली पाठीवर पट्टे असलेली खार जेमतेम 100 ग्रॅमची. तिच्या भाराने ती स्प्रिंग बहुधा हलणारच नाही. आणि स्प्रिंग हलकी करावी, तर साळुंकीही जवळपास तेवढ्याच वजनाची असल्याने तिच्यासाठीही खिडकी मिटेल. वजनाची ही युक्ती आपल्याकडे खारीपेक्षा 300 ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या कबुतरालाच अधिक लागू पडते.

खारीसाठी खरा उपाय नागपूर जिल्ह्याच्या मातीतच पिकतो. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची ज्या कॅप्सेसिनमुळे झोंबते, ते मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये तयार होते आणि सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींवरील टीआरपीव्ही-1 या ग्राहक (म्हणजे संवेदना टिपणाऱ्या) प्रथिनाला जाऊन चिकटते. हेच प्रथिन सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखून मेंदूला ‘भाजते आहे’ असा संदेश पाठवते. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन 1997 मध्ये शोधले आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा मोठा वाटा होता. त्याच प्रयोगशाळेने 2002 मध्ये कोंबडीतले हे प्रथिन तपासले, तेव्हा ते उष्णतेला प्रतिसाद देते, पण कॅप्सेसिनला जवळजवळ देतच नाही, असे दिसले. यामागे मिरचीचा स्वतःचा स्वार्थ असावा. पक्षी मिरची गिळतो, तेव्हा बिया शाबूत राहून दूरवर पडतात व रुजतात. उंदरासारखा प्राणी मात्र त्या चावून निकामी करतो. मला हा उपाय सर्वांत आवडतो तो यासाठी, की त्यात कोणाला सापळ्यात धरावे लागत नाही आणि कोणाला विषही घालावे लागत नाही.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे वाटीभर बाजरी किंवा सूर्यफुलाच्या बियांना चमचाभर कोमट तेलात कालवलेले झणझणीत तिखट चोळावे आणि दाणे कागदावर पसरून कोरडे होऊ द्यावेत. कोरडी पूड नुसती भुरभुरू नये. ती वाऱ्याने उडून पक्ष्यांच्या आणि आपल्याही डोळ्यांत जाते. असे दाणे थोडेच करावेत, कारण नागपूरच्या उन्हात तेल लवकर खवट होते. खार आली, की दाणा पुढच्या दोन्ही पायांत धरून कुरतडते, थांबते, तोंड पुसते आणि पुन्हा एकदा चाखून पाहते. भुकेली खार हट्टही धरते. शिवाय सतत तिखट लागल्यास त्या ग्राहक प्रथिनाची संवेदना मंदावते. म्हणून तिची वाटही अवघड करावी: फीडर गुळगुळीत पाइपवर उभारावा, खाली पत्र्याचे उलटे नरसाळे बसवावे आणि भिंत, फांदी व विशेषतः कुलरचे स्टँड यांच्यापासून तो दोन-अडीच मीटर दूर ठेवावा.

कबुतर हा पक्षीच असल्याने त्याच्यापुढे तिखटाचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी फीडरभोवती दीड इंच चौकटीची जाळी लावावी. चिमणी त्यातून सहज आत जाते, पण कबुतराची छाती अडते. साळुंकीही बाहेर राहते, तिला फळांच्या फोडी वेगळ्या ठेवाव्यात. कबुतरांकडे दुर्लक्ष मात्र करू नये: त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काहींना फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह होतो.

मुंग्या अडवण्यासाठी टांगलेल्या तारेवर पाण्याची लहान वाटी पुरते. मे महिन्यात ती दुपारी पुन्हा भरावी लागते. पाइपला ग्रीस लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. पिसांना ग्रीस चिकटले की त्यांची घडी मोडते, आणि पक्षी ते चोचीने काढू पाहतो तेव्हा ते त्याच्या पोटातही जाते. मांजर झुडपाआड दबा धरते, म्हणून फीडरखालची जागा मोकळी असावी. चिमण्या उजेडात खातात, तर उंदीर-घुशी मुख्यतः अंधारात बाहेर पडतात. संध्याकाळी फीडर घरात घेतला आणि खाली सांडलेले दाणे झाडून काढले, तर रात्री त्यांच्यासाठी काही उरत नाही. टेकडीलगतच्या वस्तीत वानरांची टोळी येऊ लागली, तर जाळी किंवा पाइप त्यांच्यापुढे टिकत नाही. ती टोळी यायची थांबेपर्यंत फीडर काढूनच ठेवावा.