अवकाश आणि पेशी: पोस्टडॉकचा अर्ज इंदूरमधून कसा करावा

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा स्नायूंच्या पेशी, सूक्ष्मशैवाल आणि टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म प्राणी यांवरचे भारतीय प्रयोगही त्यांच्याबरोबर गेले. तेव्हापासून इंदूरच्या ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो: मुलीची बायोटेक्नॉलॉजीतली पीएचडी होत आली आहे, याच विषयात पुढे जायचं तर अर्ज कुठे करायचा?

सगळ्यात जवळची वाट म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती. पूर्वी ती ‘सर्ब’कडे (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. वयोमर्यादा ३५ वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग यांना ५ वर्षांची सूट. मुदत २ वर्षं, आणि ही फेलोशिप आयुष्यात एकदाच मिळते. पदवी हातात आलेली नसली तरी प्रबंध सादर झाला असेल तर अर्ज करता येतो. रक्कम आणि तारखा मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात, कोणाच्या जुन्या फॉर्मवरून धरू नयेत.

खरी परीक्षा प्रस्तावाची असते. ‘अवकाशाचा पेशींवर परिणाम’ एवढ्यानं भागत नाही. अवकाशातली कोणती परिस्थिती, ते सांगावं लागतं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं आणि तिथेही पृथ्वीचं गुरुत्व जवळजवळ ९० टक्के असतं. सगळं एकत्र सतत खाली पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही आणि पेशी भांड्याच्या तळाशी बसत नाहीत. जमिनीवर याची नक्कल क्लिनोस्टॅटवर करतात: नमुना हळूहळू फिरत राहतो, त्यामुळे गुरुत्वाची दिशा पेशीच्या दृष्टीनं टिकत नाही. ही नक्कलच आहे, खरी वजनरहितता नव्हे, हे प्रस्तावात स्वतःच लिहावं. परीक्षक ते विचारणारच. १९८३ च्या स्पेसलॅब या अवकाशातल्या प्रयोगशाळेच्या मोहिमेत माणसाच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) उत्तेजक देऊनही जवळजवळ जाग्या झाल्या नाहीत. असा एखादा ठोस धागा पकडून आपला प्रश्न त्यापुढे न्यावा.

किरणोत्सर्ग हा वेगळा विषय आहे. प्रयोगशाळेत मिळणारे कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण म्हणजे वैश्विक किरणांतले जड आयन (विद्युतभारित जड अणू) नव्हेत. जड आयन हवे असतील तर दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात बीमचा (वेगवान कणांच्या झोताचा) वेळ मागावा लागतो आणि त्याचा अर्ज स्वतंत्र असतो. वजनरहितता आणि किरणोत्सर्ग असे दोन्ही विषय एकाच प्रस्तावात कोंबलेले कच्चे मसुदे मी वाचले आहेत. दोन वर्षांत धड एकही पुरा होईल असं त्यांत दिसत नाही.

मेंटॉर, म्हणजे ज्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं तो मार्गदर्शक, कायम पदावरचा आणि पीएचडीधारक हवा. त्याच्याकडे एका वेळी दोनांपेक्षा जास्त फेलो चालत नाहीत, म्हणून जागा आहे का, हे पहिल्याच पत्रात विचारा. इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत जैवविज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकी आणि खगोलशास्त्र, खगोलभौतिकी व अवकाश अभियांत्रिकी असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. घर न सोडता हे काम करू पाहणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी. हवं ते उपकरण प्रयोगशाळेत आहे की बांधावं लागेल, हेही आधीच ठरवून घ्या.

कागदपत्रं नेहमीचीच: जन्मतारखेचा पुरावा, पीएचडीचं किंवा प्रबंध सादर केल्याचं प्रमाणपत्र, बायोडेटा, प्रस्ताव आणि यजमान संस्थेचं (जिथे काम करायचं तिचं) ठरलेल्या नमुन्यातलं संमतिपत्र. आपल्या घरांत अडचण येते ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मध्ये नाही, पासपोर्टवर आहे, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. शपथपत्र आधीच करून ठेवा. ओबीसीची सूट घ्यायची असेल तर केंद्राची यादी राज्यवार असते, हे विसरू नका. महाराष्ट्रातल्या यादीत असलेली जात मध्य प्रदेशच्या यादीत असेलच असं नाही. प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं, नॉन-क्रीमीलेअरसह लागतं.

माणसाच्या रक्तपेशी वापरणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची, उंदीर असतील तर प्राणी नैतिकता समितीची आणि जनुकीय बदल असतील तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. या समित्या रोज बसत नाहीत. पुढच्या बैठकीची तारीख मेंटॉरकडून आधीच काढून घ्या.

संमतिपत्राचं तर मला स्वतःला सोसावं लागलं आहे. अर्ज पूर्ण होता, पण सही करणारे अधिकारी रजेवर होते आणि पोर्टल बंद व्हायला दोन दिवस उरले होते. त्या वर्षी अर्ज गेलाच नाही. आता कोणी विचारायला आलं की मी आधी त्या पत्राबद्दल विचारते, प्रस्ताव नंतर वाचते.

बाहेर जायचं असेल तर युरोपची मारी क्युरी फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. एक अट मात्र सांभाळायची: ज्या देशात जायचं, तिथे अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. जर्मन अवकाश केंद्राची अवकाश-वैद्यक संस्था कोलोनला आहे. तिथल्या संशोधकाला पत्र लिहिताना सोबत एका पानाचा स्वतःचा प्रश्न जोडा.