पानावरचे आम्ल मुळाशी

झाडे प्रदूषण शोषून घेतात, असे वृक्षारोपणाच्या फलकांवर हमखास लिहिलेले असते. आम्ल पावसापुरते ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलाने दाखवून दिले. हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली तेथे ओढ्यांच्या पाण्याचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पावसाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 4 च्या आसपास भरला. स्वच्छ पावसाचा तो 5.6 असतो, पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते, त्यामुळे हा पाऊस सुमारे चाळीसपट आम्ल होता.

अशा जंगलात एक भांडे मोकळ्यावर आणि दुसरे मेपल या रुंद पानांच्या झाडाखाली ठेवले, तर झाडाखालचे पाणी पुष्कळदा कमी आम्ल निघते. (सूचिपर्णी झाडाखाली बहुधा उलटे घडते, कारण त्याच्या सुया धुक्यातले आणि हवेतले आम्लकण गाळून धरतात व पाऊस ते धुऊन खाली आणतो.) मेपलच्या पानात पावसातले, आम्लता आणणारे हायड्रोजन आयन शिरतात आणि त्यांच्या बदल्यात पोटॅशियम व कॅल्शियम बाहेर पडतात. पण गेलेले कॅल्शियम झाडाला मातीतून भरून काढावे लागते, आणि विद्युतभाराचा हिशेब जुळवण्यासाठी मूळ तितकेच हायड्रोजन आयन मातीत सोडते. आम्ल नाहीसे होत नाही. शेंड्यावरून मुळाशी येते.

माती तरी त्याचे काय करते? चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांवर ऋणभार असतो व त्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम चिकटलेले असते. हायड्रोजन त्यांना हुसकावून जागा घेतो, आणि धुराड्यांतल्या गंधकापासून बनून पावसातून आलेले सल्फेट त्यांना सोबत घेऊन ओढ्यात उतरते. खडक झिजून ही तूट भरते खरी, पण ग्रॅनाइटसारख्या खडकावरच्या पातळ मातीत फारच सावकाश. साठा आटला की ॲल्युमिनियम विरघळू लागते. ते कोवळ्या मुळांना आणि माशांच्या कल्ल्यांना बाधते. म्हणूनच धुराड्यांतून निघणारा गंधक घटला, तरी ओढे लगेच सुधारले नाहीत.

गेलेले कॅल्शियम परत देऊन पाहण्यासाठी ऑक्टोबर 1999 मध्ये हबर्ड ब्रूकमधील सुमारे 12 हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, हेक्टरी सुमारे एक टन कॅल्शियम पडेल इतके पसरण्यात आले. शुगर मेपल सुधारले आणि 2003 च्या हिवाळ्यात तेथील रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया शेजारच्या पाणलोटापेक्षा खूपच कमी करपल्या. एवढ्यावर कोणी ‘माती बरी करणारी पूड’ विकायला काढू नये, कारण दशकभराने त्याच पाणलोटाच्या ओढ्यात नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचे संयुग, वाहू लागले: आम्लता उतरल्यावर मातीत वर्षानुवर्षे साठलेले सेंद्रिय द्रव्य वेगाने कुजू लागले होते, आणि त्यातून सुटलेला सगळा नायट्रोजन झाडांना उचलता आला नाही.